बाबांची झडप आणि लाल पाटी

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी डुकरांच्या पेशी वाढवते. हे मध्य प्रदेशात बालाघाटला आमच्या गल्लीत सांगायचं कसं, हा प्रश्न आईने पहिली दोन वर्षं टाळला. "पोरगी पेशींवर काम करते," एवढ्यावर ती भागवायची. मग एका हळदीकुंकवाला कोणीतरी विचारलं, कोणाच्या पेशी? आईला खोटं बोलता येत नाही. संध्याकाळपर्यंत मी डुकरांची डॉक्टरीण झाले होते, आणि पुढच्या सुट्टीत घरी आले तर पहिल्याच सकाळी शेजारचे काका लंगडणारी बकरी घेऊन दारात उभे. डुक्कर जमतं तर बकरी का जमू नये, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी बकरीच्या खुरातला काटा काढून दिला. माझ्या शिक्षणाचा गल्लीला झालेला उपयोग आजवर तेवढाच.

बाबा मात्र एवढ्यावर ऐकणारे नव्हते. ते भरवेलीच्या मँगनीज खाणीत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत पंपाच्या मोटारींचं वायंडिंग करतात, म्हणजे आतली जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतात. समोरचं यंत्र कसं चालतं हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. मागच्या दिवाळीत त्यांचे खाणीतले जोडीदार चहाला आले होते. हे काका बैहरच्या बाजूचे, गोंड. दोघांनी सारी नोकरी एकाच पाळीत काढली. बाबा मराठीत बोलायचे, काका हिंदीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. मी चिवडा घेऊन अंगणात गेले तर बाबांनी मला खुर्ची पुढे केली.

"आज नीट सांग. तू त्या डुकरायचं नेमकं काय करून राह्यली?"

मी सांगू लागले. डुकराच्या प्रत्येक पेशीत, त्याच्या गुणसूत्रांमध्येच, जुने विषाणू बसलेले असतात. फार पूर्वी त्याच्या पूर्वजांना लागण झाली, विषाणूने आपली नक्कल पेशीच्या मूळ मजकुरात घुसवून दिली, आणि तेव्हापासून ती नक्कल डुकरिणीकडून पिलांकडे आपोआप येते. डुकराचं त्यामुळे काही बिघडत नाही, कारण त्याच्या शरीराने बहुतेक ठिकाणी रासायनिक खुणा लावून त्यांना गप्प बसवलेलं असतं. आता परदेशात डुकराचं मूत्रपिंड, हृदय माणसाला लावून बघतायत. जिवंत पेशी माणसाच्या अंगात गेल्या आणि तिथे त्या खुणा गळाल्या, तर हे गप्प बसलेले जागे होतील का, ते आम्ही तपासतो.

काका माझ्याकडे कौतुकाने बघत होते. म्हणजे त्यांना काही कळलेलं नव्हतं. उदाहरणासाठी मी इकडेतिकडे बघितलं, तर बाबांच्या खोलीच्या दाराशी खिळ्याला ती लाल पाटी लटकत होती.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बाबांनी ती स्वतः केलेली. तांबडा रंग, वर पांढऱ्या अक्षरात 'काम चालू है, स्विच न लगाएँ'. कुठल्याही मशीनला हात घालण्याआधी तिचा स्विच बंद करायचा, त्यावर पाटी टांगायची, आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. हा खाणीतला शिरस्ता बाबांनी घरीही आणला होता. आईने तो एकदा मोडला. मी तेव्हा शाळेत होते. बाबा विहिरीच्या पंपाशी वाकले होते, आईला नळाला पाणी हवं होतं, तिने पाटी काढून पदराला पुसली, बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. बाबा उडून तुळशीच्या वाफ्यात बसले. काही झालं नाही, नशीब. पण तुळशीतून उठल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "पुसली कायले?" पुढे कित्येक वर्षं आम्ही ते वाक्य घरात वापरत होतो.

"बाबा, त्या खुणा म्हणजे ही पाटी," मी म्हणाले. "विषाणू म्हणजे मशीन. पाटी हाय तोवर स्विच कोणी लावत नाई."

बाबा सरळ बसले. "एका पेशीच्या दोन होते ना? मंग नव्या स्विचवर पाटी कोण लावते?"

मी चकित झाले. हा प्रश्न आमच्याकडे विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी सुचतो. मी सांगितलं की त्यासाठी पेशीत एक नोकरच ठेवलेला असतो म्हणा, जुन्या मजकुरावरच्या खुणा बघून तो नव्यावर लावत जातो.

"अन् त्याच्यानं एखादी राहून गेली तं?"

"त्याच्यावरच माहं काम हाय, बाबा."

"राहूनच जाते," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बघत राहिले. मला वाटलं, प्रभावित झाले. त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की पुण्याला परत जाताना महाराष्ट्राच्या हद्दीवरचं राजेगाव येईपर्यंत नवऱ्याला हेच सांगत होते: इतकी वर्षं शिकले, पण सगळ्यात चांगला तास आमच्या अंगणात घेतला.

होळीनंतर बाबांना दम लागायला लागला. सायकलवरून उतरून चालायला लागले, मग चालतानाही थांबायला लागले. थांबले की एखाद्या दुकानाची पाटी वाचत असल्यासारखं करायचे, म्हणून आईच्या लक्षात यायला वेळ लागला. मी लेकीला घेऊन आले आणि आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की हृदयातून मोठ्या रक्तवाहिनीत उघडणारी झडप कडक झाली आहे. ती बदलायची, आणि फार थांबायचं नाही.

झडपा दोन तऱ्हेच्या. एक धातूची, जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर रोज घ्यावी लागेल आणि वरचेवर रक्त तपासावं लागेल. दुसरी प्राण्याची. ती काही वर्षांनी झिजते, पण बाबांच्या वयाला पुरेल, आणि ती गोळी बहुधा कायमची लागणार नाही. डॉक्टरांनी बाबांचे हात उलटेपालटे करून बघितले. तांब्याच्या तारेने एखादं बोट कापल्याशिवाय बाबांचा दिवस जात नाही. दहा बोटांवर त्यांच्या सगळ्या मोटारींचा इतिहास आहे. "या हातांना पातळ रक्त परवडायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "प्राण्याची घ्या. गुरांच्या हृदयाभोवतीच्या पडद्याची असते, डुकराची असते."

गुरांची म्हटल्याबरोबर आईने जागच्या जागी हात जोडले. राहिली डुकराची.

"लोखंडाची बसवा," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं. बाबांनी पुन्हा सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाले. डॉक्टरांनी आम्हाला विचार करायला आठवडा दिला, त्याहून जास्त नाही.

आमच्या घरी मटण चालतं, कोंबडी चालते, डुकराचं नावही निघत नाही. त्यामुळे कारण उघड होतं, आणि मी दोन दिवस त्या कारणाशी लढले. पोटात जाणं वेगळं आणि छातीत जाणं वेगळं, हा मुद्दा मी नाश्त्याला मांडला. जीव वाचवायला सगळं चालतं, हा जेवताना. आई देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारून आली. त्यांनी बराच वेळ डोळे मिटून सांगितलं की डॉक्टर म्हणतील ते करा आणि तिखट कमी खा. आईने हे बाबांना मोठ्या आनंदाने सांगितलं.

"म्या त्यायले इचारलं होतं काय?" बाबा म्हणाले आणि वायंडिंगच्या खोलीत निघून गेले. रागवायचा हक्क खरं तर आमचा होता. पण बाबांचा राग तारेसारखा असतो, बारीक आणि लांब.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात येऊन म्हणाले, "मले डुक्कर पाहाचं हाय."

आमच्याकडे सोयरीक जुळवायची तर आधी घर बघायला जातात. मुलगा नंतर, आधी घर. विहिरीला पाणी किती, गोठा झाडलेला आहे का, म्हातारी माणसं कुठे झोपतात, हे सगळं बघून यायचं. पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, पण होकार-नकार तिथे बसून द्यायचा नाही. तो घरी आल्यावर कळवायचा.

"जे आपल्या घरात येऊन राह्यलं, त्याचं घर पाहून घ्यावं," बाबा म्हणाले.

"पोरीच्या सासरी गेले तवा तं अर्ध्या घंट्यात वापस आलते," आई म्हणाली. मी चहाच्या कपात तोंड घातलं.

खाणीतल्या काकांकडे डुकरं होती, म्हणून बैहरकडे निघालो. बाबा जीपमध्ये पुढे, मी मागे, मांडीवर माझी चार वर्षांची लेक. ती आजोबांना सोडून राहत नाही. बालाघाटला आली की त्यांच्याच ताटात जेवते, त्यांच्याच मांडीवर बसून तारांचे तुकडे मोजते.

काकांनी रस्त्यापर्यंत येऊन बाबांचा हात धरला. डुकरांच्या वाड्याच्या फाटकापाशी त्यांनी एका घमेल्यात फिनाइलचं पाणी ठेवलं होतं. "पहले पैर," ते म्हणाले. "बाहर की बीमारी अंदर नहीं जानी चाहिए।" आम्ही तिघांनी एकामागून एक पाय बुडवले. मला फार बरं वाटलं. ज्या डुकरांचे अवयव माणसांसाठी वाढवतात त्यांच्या गोठ्यात शिरतानाही असंच, फक्त आंघोळ करून, कपडे बदलून जावं लागतं. मी हे बाबांना सांगत होते आणि बाबा मान हलवत होते. आत कुडाच्या आडोशाला डुकरीण पसरली होती, काळी, स्वच्छ, आणि तिच्या पोटाशी सात पिलं.

बाबांनी घर बघितलं. जमीन बघितली, पाण्याची दगडी कुंडी बघितली, खाणं कुठून येतं ते विचारलं. काका एकेक उत्तर देत होते, नवऱ्या मुलाच्या बापाइतके गंभीर. तेवढ्यात एक पिलू कुडाखालून निसटून बाहेर आलं आणि माझी लेक खाली बसून दोन्ही हातांनी त्याला उचलू लागली.

बाबा ओरडले. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. ते चार पावलं धावले, तिला दंडाला धरून मागे ओढलं, आणि मग त्यांचा श्वासच अडकला. आम्ही त्यांना खाटेवर बसवलं. ते कितीतरी वेळ गुडघ्यांवर हात रोवून हवा ओढत होते. लेक भेदरून रडत होती.

"अहो बाबा, ती नुसता हात लावत होती," मी म्हणाले. "पाय धुतलेत, हातही धुऊ."

"धुऊन काय होते?" त्यांना शब्दाशब्दाला थांबावं लागत होतं. "तूच सांगितलं ना. हे धुऊन जात नाई. त्याच्या वंशातच हाय म्हणलं तू."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "म्हणून तुमी नाई म्हणून राह्यले? देवाधर्माचं नाई?"

"देवाधर्माचं म्या कवा म्हणलं? तू अन् तुही माय बोलून राह्यल्या दोन दिसापासून. मले कोणी इचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं.

"मले झालं तं झालं," बाबा म्हणाले. "सत्तरीले आलो. पण हे पोट्टी माह्या मांडीवर बसते, माह्या ताटात जेवते. पाटी निघते, बाई. कोणी ना कोणी काढतेच, चांगल्या मनानंच काढते. अन् ते माह्या छातीतून हिच्यात गेलं तं म्या काय करू?"

मला रडू आलं, आणि स्वतःचा भयंकर रागही आला. आमच्या कामाच्या प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य असतं: धोका फक्त रुग्णाला नाही, त्याच्या घरच्यांना आणि समाजालाही आहे. मी ते इतक्यांदा लिहिलंय की आता जुन्या लेखातून उचलून नव्यात चिकटवते. ते वाक्य खरोखर वाटलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझा बाप होता. वर त्याला ते मीच शिकवलं होतं, आणि अर्धंच.

"बाबा, मी जे सांगितलं ते जिवंत पेशींचं," मी म्हणाले. "तुमच्या झडपेत जिवंत काहीच नसते. ते रसायनात मुरवते. आतलं सारं एकमेकांले घट्ट बांधल्या जाते. पेशी मरून जातात. नुसता पडदा राहते, उघडाले अन् बंद व्हाले."

"म्हणजे?"

"म्हणजे वायंडिंग जळून जाम झालेली मोटर. बॉडी धड हाय, पण आत फिरणारं काही नाई. पाटी राहो नाई तं निघो, स्विच दाबून काय होईन?"

बाबांनी डोळे बारीक केले. मोटार त्यांची होती, तिच्यात त्यांना कोणी गंडवू शकत नाही. "सारी जळाली? एखादा पदर चालू राहते कधी कधी."

"एक पदर चालू असून भागत नाई. इथं पूर्ण पेशी जिवंत लागते, तवा कुठं विषाणू बनते."

काका इतका वेळ माझ्या लेकीला गुळाचा खडा देऊन शांत करत होते. ते तिथूनच म्हणाले, "मरा हुआ सूअर पिल्ला नहीं देता, भाई।" माझ्या सगळ्या पदव्या एका वाक्यात मावल्या.

बाबा हसले नाहीत. "कोणाले झालं नाई आतापर्यंत?"

"आढळलं नाई," मी म्हणाले.

"आढळलं नाई का झालं नाई?"

ही माझी खोड. 'नाही' असं आम्ही लिहीत नाही, 'आढळलं नाही' असं लिहितो, आणि वीस वेळा लिहिलं की बोलायलाही तेच येतं. मी सांगू लागले की अशा झडपा कित्येक वर्षांपासून लोकांना बसवतायत, आणि त्यातल्या कोणाला हा विषाणू लागल्याचं कोणालाही दिसलेलं नाही, तरी शास्त्रात...

"हे झालं लिहाचं," बाबांनी मला मधेच थांबवलं. "मले एक सांग. ते बसवल्यावर तू तुही पोरगी माह्या मांडीवर बसू देशीन?"

डुकरीण कुशीवर वळली, पिलं किंचाळली, पुन्हा चिकटली. मी काकांच्या हातातून लेकीला घेतलं आणि बाबांच्या मांडीवर बसवलं. "हौ," मी म्हणाले. एवढं बिनशर्त विधान मी त्याआधी कधीच केलं नव्हतं. तिने गुळाचे चिकट हात त्यांच्या सदऱ्याला पुसले.

बाबांनी होकार दिला नाही. घर बघायला आलेला माणूस तिथे बोलत नाही. आम्ही कोरा चहा प्यालो, काकांनी भोपळा दिला, परत निघालो. घरी येऊन हातपाय धुऊन, आईने पाण्याचा तांब्या पुढे केल्यावर ते म्हणाले, "त्या डॉक्टरले कळवून दे. पसंत हाय म्हणा." मी फोनवर अक्षरशः तसंच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय पसंत आहे? मी म्हणाले, डुक्कर.

नागपूरला जायच्या दिवशी बाबांनी मोटारींवर चादर टाकली, खोलीचा मेन स्विच बंद केला आणि त्यावर लाल पाटी टांगली. "म्या येईन तवा म्या काढन," ते आईला म्हणाले. ती पदराने डोळे टिपत होती. तिने मान हलवली.

शस्त्रक्रिया नीट झाली. झाली म्हणजे आई दवाखान्यात सहा तास जपमाळ ओढत होती आणि मी, शास्त्राची माणूस, तिच्या शेजारी बसून तिचेच मणी मोजत होते. शुद्धीवर आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो झडपेच्या आवाजाचा. आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांना ते काम पक्कं वाटलं. आठवड्याने आई नातीला घेऊन पुढे बालाघाटला आली, मी बाबांबरोबर मागे थांबले.

तीन आठवड्यांनी त्यांना घेऊन घरी पोचले. अंगणात बादल्यांची रांग लागली होती, घागरी, पातेली, लेकीचं खेळण्यातलं टोपलंही भरलेलं. बाबांनी आईकडे बघितलं. "मोटर काहून नाई लावली?"

विहिरीच्या पंपाची लाइन त्याच मेन स्विचवरून होती. हे बाबा जाताना विसरले होते. दोन आठवडे आईने हातपंपावरून पाणी आणलं होतं, भर उन्हात, शेजारच्या काकांनी दहादा सांगितलं असणार की वहिनी, बटण तर दाबायचं आहे.

"पाटी तुमची होती," आई म्हणाली.

बाबा हळूहळू, छाती सांभाळत खोलीच्या दारापर्यंत गेले, पाटी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि खिळ्याला अडकवली. स्विच लावला. विहिरीकडून पंपाचा आवाज आला, नळ खोकला आणि पाणी आलं. मग ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी मांडीवर दोनदा थाप मारली. लेक धावत गेली, पण सदऱ्याच्या गळ्यातून दिसणारा व्रण बघून जरा अलीकडे थबकली, मग जपून चढून बसली. विचारायला म्हणून बाबांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.